दिवा पेटला, पण दोष कुठे?

गेल्या पावसाळ्यात आम्ही ठाणे जिल्ह्यातल्या किन्हवलीला गेलो होतो. शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या पट्ट्यातले हे गाव. भोवती भातखाचरे आणि पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस. निमित्त होते विज्ञान शिक्षकांच्या दोन दिवसांच्या शिबिराचे. विषय होता नववीतला ‘धाराविद्युत’ हा पाठ. चर्चेत एका बाईंनी सरळ प्रश्न टाकला, “ओहमचा नियम मुलांना पाठ होतो, गणितेही सुटतात. पण हा नियम आपल्याला कुठे लागतो, असे मुलांनी विचारले की काय सांगायचे?” आम्ही इस्त्री, गीझर, घरातले वायरिंग अशी नेहमीची उत्तरे दिली. बाईंचे समाधान झालेले दिसले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

बरे उत्तर त्याच संध्याकाळी रस्त्यात मिळाले.

आम्हाला आसनगाव स्टेशनावर सोडायला एक शिक्षक आपली गाडी घेऊन निघाले. गाडी पेट्रोलवरची, २०१४ सालची, वापरलेली घेतलेली. गावाबाहेर पडेपर्यंत ती नीट चालली. मग खड्ड्यात चाक गेले की झटका खाऊ लागली. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला तरी इंजिन आपणहून रेस घेई, मध्येच मंदावे. समोरच्या फलकावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला. शिक्षक वैतागून म्हणाले, “सर, याच दिव्यासाठी चार दिवसांपूर्वी अडीच हजारांचा सेन्सर बदललाय. दोन दिवस गाडी एकदम छान होती. आता पुन्हा तेच.”

गाडी वळवून आम्ही त्यांच्या नेहमीच्या गॅरेजवर गेलो. मेकॅनिक तरुण, आयटीआय केलेला, कामाला चोख. त्याचा चेहरा उतरला. “सर, स्कॅनरने जे दाखवले तेच बदलले. नवीन पार्टच खराब निघाला असेल तर दुकानदार परत घेणार नाही. इलेक्ट्रिकचा माल कोणी परत घेत नाही.” म्हणजे आणखी अडीच हजार एक तर शिक्षकांच्या खिशातून जाणार, नाहीतर त्याच्या. आम्ही त्या दिवशीची गाडी सोडली आणि तिथेच थांबलो. पुढच्या दीड तासात जे घडले ते सांगण्यासाठी हा लेख.

हा सेन्सर करतो काय?

पेट्रोल इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठराविक प्रमाणात लागते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आपण अॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा पेट्रोल सोडत नसतो, हवेची वाट मोकळी करत असतो. हवेच्या नळीत नाण्यासारखी एक चपटी गोल झडप असते. ती आडवी असली की वाट बंद, फिरून नळीला समांतर झाली की वाट पूर्ण खुली. हीच थ्रॉटल झडप.

पूर्वीच्या गाड्यांत कार्बुरेटर असे. वाहत्या हवेच्या ओढीनेच त्यातून पेट्रोल बाहेर येई. १ एप्रिल २००० पासून देशभर ‘इंडिया २०००’ ही धुराची मानके लागू झाली. त्या सुमारास आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत कार्बुरेटर मागे पडत गेला आणि पेट्रोलची फवारणी एका छोट्या संगणकाच्या हाती आली. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ मानके आल्यावर मोटारसायकली आणि स्कूटरही जवळजवळ सगळ्या याच पद्धतीच्या झाल्या. तेव्हा हा विषय फक्त मोटारवाल्यांचा राहिलेला नाही. शाळेबाहेर उभ्या असलेल्या नव्या दुचाकींतही हा सेन्सर बहुधा असतोच.

संगणकाला पेट्रोल किती फवारायचे हे ठरवायला बरीच माहिती लागते. नळीतला हवेचा दाब किती, इंजिनाचे तापमान किती, फेरे किती. त्यातला एक प्रश्न असा, की झडप या क्षणी किती उघडी आहे आणि किती वेगाने उघडते आहे? चालकाने पाय काढला आहे, हळूच दाबला आहे की एकदम दाबला आहे, हे संगणकाला त्यावरूनच कळते. हे सांगणारा भाग म्हणजे थ्रॉटलचा स्थितीदर्शक संवेदक. गॅरेजच्या भाषेत टीपीएस.

जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचे बटण आपण सर्वांनी फिरवले आहे. त्याच्या आत रोध असलेली एक पट्टी असते आणि तिच्यावरून सरकणारा एक स्पर्शक. आमच्या समोरच्या गाडीतला सेन्सर म्हणजे तेच बटण, फक्त ते झडपेच्या दांड्याला जोडलेले. त्याला तीन तारा. पट्टीच्या एका टोकाला संगणकाकडून ५ व्होल्ट येतात. दुसरे टोक संगणकातून अर्थला जाते. सरकत्या स्पर्शकाची तार संगणकाला संदेश देते. झडप बंद असताना संदेश साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडी असताना साधारण ४.५ व्होल्ट. गाडीगणिक हे आकडे थोडे बदलतात.

०.५ ऐवजी शून्य का नाही, आणि ४.५ ऐवजी ५ का नाही? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. दोन्ही टोके मुद्दाम रिकामी ठेवलेली आहेत. चांगला सेन्सर शून्य किंवा ५ व्होल्ट कधी देतच नाही. तसे काही आले तर संगणक ओळखतो की कुठेतरी बिघाड आहे, आणि दिवा पेटवतो.

दिव्याने सांगितले काय?

स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवून ठेवलेली तक्रार वाचणारे यंत्र. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींना या तक्रारींचे सामाईक क्रमांक सक्तीचे झाले आणि पुढे तेच क्रमांक आपल्याकडेही रूढ झाले. थ्रॉटल संवेदकासाठी पी ०१२० ते पी ०१२४ हे क्रमांक आहेत. आमच्या गाडीचा होता पी ०१२३. त्याचा अर्थ, ‘थ्रॉटल संवेदकाच्या मंडलातून येणारा संदेश प्रमाणाबाहेर जास्त’.

हे वाक्य पुन्हा वाचावे. ‘संवेदक बिघडला आहे’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. ‘मंडल’ असे म्हटले आहे. मंडलात सेन्सर आला, तीन तारा आल्या, जोडणीचा कपलर आला आणि संगणकही आला. ताप १०२ आहे हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड हे तो सांगत नाही. मेकॅनिकने लक्षणाचे नाव वाचले आणि तेच आजाराचे नाव समजून औषध दिले. त्याला हसण्याचे कारण नाही. आमच्या प्रयोगशाळेत हीच चूक आम्ही कितीदा केली आहे.

आता थोडा कागद-पेन्सिलचा विचार. तीनपैकी एकेक तार तुटली तर संगणकाला काय दिसेल?

५ व्होल्टची तार तुटली तर पट्टीला वीजच मिळणार नाही. स्पर्शक कुठेही असो, संदेश शून्य.

संदेशाची तार तुटली तर संगणकाला सेन्सरकडून काहीच येणार नाही. बऱ्याच गाड्यांत संगणकाची आतली रचना अशी असते, की त्या वेळी तो शून्यच वाचतो.

अर्थची तार तुटली तर? इथे बहुतेकजण चटकन शून्य म्हणतात. पण थांबावे. मंडल तुटल्यामुळे पट्टीतून धारा वाहणार नाही. धारा शून्य, म्हणून ओहमच्या नियमानुसार पट्टीवर विभवांतरही शून्य. म्हणजे पट्टीचे एक टोक ५ व्होल्टवर असेल तर दुसरे टोकही ५ वर आणि मधला प्रत्येक बिंदूही ५ वर! स्पर्शक कुठेही असला तरी संदेश ५ व्होल्ट.

आमची तक्रार होती ‘प्रमाणाबाहेर जास्त’. म्हणजे स्पॅनर हातात घेण्याआधीच पहिला संशय अर्थच्या तारेवर जायला हवा होता.

मीटरचे काळे टोक

मेकॅनिकला आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “पण सर, मी मीटर लावून पाहिले होते. पाच व्होल्ट बरोबर येत होते.” त्याने पुन्हा करून दाखवले. इंजिन बंद, चावी चालू, लाल टोक ५ व्होल्टच्या तारेवर, काळे टोक गाडीच्या पत्र्यावर. मीटरने दाखवले ४.९८.

मोजमाप बरोबर होते. फक्त ते सेन्सरला काय मिळते याचे नव्हते. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधले असते, हे आपण फळ्यावर लिहितो. सेन्सरचा शून्य म्हणजे गाडीचा पत्रा नव्हे, तर सेन्सरच्या स्वतःच्या अर्थ पिनेचे विभव. काळे टोक त्या पिनेवर नेल्यावर मीटरने दाखवले ४.१५. उरलेले ०.८३ व्होल्ट कुठे गेले?

मग लाल टोक कपलरच्या मागच्या बाजूने अर्थच्या पिनेला आणि काळे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. चांगल्या अर्थवर इथे जवळजवळ शून्य यायला हवे, फार तर ०.०५ व्होल्टच्या आत. आले ०.८३. तार बोटाने हलवली तर आकडा एकदम ५ च्या जवळ उडी मारून परत आला. खड्ड्यातला झटका आम्हाला मीटरवर दिसला.

आता गणित करू. सेन्सरच्या पट्टीचा रोध आम्ही नंतर मोजला, तो साधारण ५००० ओहम होता. अर्थच्या वाटेत १००० ओहमचा नको असलेला रोध आला आहे असे धरा.

एकूण रोध ६०००, विभवांतर ५ व्होल्ट, म्हणून धारा सुमारे ०.८३ मिलिअँपिअर.

नको असलेल्या १००० ओहमवर पडणारे विभवांतर ०.८३ व्होल्ट. मीटरनेही हेच दाखवले होते.

झडप बंद असताना स्पर्शकाखाली पट्टीचा दहावा भाग, म्हणजे ५०० ओहम. पूर्वी संदेश ०.५ व्होल्ट होता. आता १५०० भागिले ६०००, गुणिले ५, म्हणजे १.२५ व्होल्ट.

झडप पूर्ण उघडी असताना पूर्वी ४.५. आता ५५०० भागिले ६०००, गुणिले ५, म्हणजे ४.५८ व्होल्ट.

वरच्या टोकाला फरक नगण्य, खालच्या टोकाला अडीचपट. ०.५ पासून ४.५ पर्यंतच्या प्रवासात १.२५ म्हणजे झडप जवळजवळ १९ टक्के उघडी. चालकाचा पाय वर आहे आणि संगणकाला वाटते आहे की तो गाडी पळवतो आहे. जोडणी जराशी हलली की आकडा पुन्हा बदलणार, आणि ‘चालकाने एकदम पाय दाबला’ असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडणार. आपोआप रेस घेणे, मंदावणे, झटके या साऱ्याचा उलगडा त्या एका आकड्यातून झाला. वळणावर किंवा गर्दीत पाय काढल्यावरही गाडीने रेस घेतली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

दोष नेमका कुठे, हे शोधायला मीटरचे लाल टोक तारेच्या दुसऱ्या टोकाशी, संगणकाच्या कपलरवर नेले. तिथे ०.०१. म्हणजे संगणकाकडचा अर्थ उत्तम. शिवाय इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर याच अर्थवर होता आणि त्याची काहीच तक्रार नव्हती. तेव्हा बिघाड उरला सेन्सरकडे जाणाऱ्या शेवटच्या हातभर तारेत. पिन बाहेर काढली, तर तारेचे तांबे जिथे पिनेत दाबून बसवलेले असते तिथे हिरवी भुकटी. पावसाचे पाणी आणि चिखल यांनी तांब्याच्या तंतूंपैकी दोन-तीनच शिल्लक ठेवले होते. मेकॅनिकने गंजलेला भाग कापला, नवी पिन दाबून बसवली आणि कपलरवरचे रबर बदलले. मीटरने दाखवले ०.०२ व्होल्ट. किरकोळ खर्चात काम झाले.

मग दोन दिवस गाडी नीट कशी चालली?

हा प्रश्न मेकॅनिकनेच विचारला, आणि आमच्या मते तो सगळ्यांत मोलाचा. “दोष तारेत होता, तर सेन्सर बदलल्यावर गाडी सुधारली कशी?”

सेन्सर बदलताना त्याने एक नाही, तीन गोष्टी केल्या होत्या. सेन्सर बदलला. कपलर ओढून काढला आणि पुन्हा बसवला. आणि स्कॅनरने जुनी तक्रार पुसली. कपलर ओढताना तार हलली, गंजाखालचे तंतू एकमेकांवर घासले आणि ताजे तांबे पिनेला टेकले. रोध तात्पुरता कमी झाला. दोन दिवसांच्या पावसाने आणि खड्ड्यांनी तो पुन्हा वाढला. श्रेय मात्र नव्या सेन्सरला मिळाले.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे आपण प्रयोगवहीत लिहून घेतो. गॅरेजमध्ये ते करायचे कसे? सोपे आहे. सेन्सर बदलण्याआधी जुनाच सेन्सर काढून परत बसवावा आणि गाडी चालवून पाहावी. गाडी सुधारली तर दोष जोडणीत असण्याची शक्यता मोठी. याला खर्च शून्य. औषधाच्या चाचणीत काही रोग्यांना साखरेची गोळी देतात, त्यातला विचार हाच आहे.

सेन्सर खरोखर बिघडतो तेव्हा

सेन्सर कधीच बिघडत नाही असे मात्र नाही. पट्टीवर स्पर्शक वर्षानुवर्षे घासत असतो. गाडी बहुतेक वेळ थोड्याच उघडलेल्या झडपेवर चालते, म्हणून पट्टी तेवढ्याच भागात जास्त झिजते. तिथे स्पर्शक आला की संदेश क्षणभर तुटतो.

हे तपासायला अर्थ आणि ५ व्होल्ट बरोबर असल्याची आधी खात्री करावी. मग संदेशाच्या तारेवर मीटर लावून झडप अगदी सावकाश उघडावी. आकडा न अडखळता चढत गेला तर पट्टी ठीक. मध्येच तो खाली पडला तर पट्टी झिजली आहे. या कामाला शाळेतल्या कपाटात पडून असलेला काट्याचा मल्टिमीटर जास्त उपयोगी. आकड्यांचा साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचन दाखवतो, त्यात क्षणाची तूट निसटते. काटा मात्र थरथरतो आणि नजरेला कळतो.

नव्या गाड्यांत अॅक्सिलरेटरपासून झडपेपर्यंत केबल नसते. झडप मोटरने उघडते. तिथे एकाऐवजी दोन संवेदक असतात आणि ते बहुधा चुंबकाच्या साहाय्याने, न घासता काम करतात. संगणक दोघांची साक्ष ताडून पाहतो. ती जुळली नाही तर झडप जास्त उघडूच देत नाही, गाडी रडतखडत का होईना घरी पोचते. पट्टी झिजण्याचा प्रश्न तिथे मिटला. पण तारा, पिना आणि पावसाळा तिथेही आहेतच.

वर्गात करून पाहा

साहित्य : दीड व्होल्टचे तीन सेल, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा ५००० ओहमचा फिरता रोध, १००० ओहमचा एक स्थिर रोध (पट्टे तपकिरी, काळा, लाल), मल्टिमीटर आणि तारा. फिरता रोध घेताना ‘लिनिअर’ मागावा. आवाजासाठीचा रोध समप्रमाणात बदलत नाही.

फिरत्या रोधाची बाहेरची दोन टोके सेलना जोडा. मधल्या टोकाचे आणि ऋण टोकाचे विभवांतर ०.४५ व्होल्ट येईल असे बटण फिरवून ठेवा. ही आपली ‘बंद झडप’. आता बटण न हलवता ऋण बाजूच्या तारेत १००० ओहमचा रोध घाला आणि सेलच्या ऋण टोकापासून पुन्हा मोजा. सुमारे १.१२ व्होल्ट यायला हवेत. रोधाच्या छापील आकड्यात थोडा फरक असतोच, म्हणून उत्तर थोडे इकडेतिकडे येईल. हाच प्रयोग ४.०५ व्होल्टपासून करा. या वेळी फरक किती थोडा पडतो ते पाहा. शेवटी ऋण बाजूची तार काढूनच टाका. पण त्याआधी मीटर काय दाखवेल याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला सांगा. शून्य लिहिणारे किती निघतात ते मोजा.

शाळेतला जुना व्होल्टमीटर वापरला तर वाचन कमी येईल. तो स्वतःच बरीच धारा ओढतो. तो फरक का पडला, हाही एक चांगला तास होईल.

प्रत्यक्ष गाडीवर हे करायचे असेल तर जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे. इंजिन बंद असावे. चावी चालू असताना पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून हात, ओढणी, बाह्या दूर ठेवाव्यात. मीटरचे टोक तारेच्या आवरणात टोचू नये. त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते आणि आपणच नवा दोष तयार करतो.

त्या रात्री उशिराच्या गाडीने आम्ही परतलो. जाण्याआधी चार दिवसांपूर्वी काढून ठेवलेला जुना सेन्सर मेकॅनिकने कचऱ्याच्या डब्यातून शोधून आणला. तीन सेल लावून आम्ही त्याचा दांडा सावकाश फिरवला. काटा कुठेही न अडखळता वर गेला. सेन्सर उत्तम होता. नवा सेन्सर गाडीतच राहिला, त्याचे अडीच हजार काही परत आले नाहीत. जुना सेन्सर शिक्षकांनी शाळेत नेला. तो आता विज्ञानाच्या कपाटात आहे. आता त्या बाईंच्या वर्गात कोणी विचारलेच, ओहमचा नियम कुठे लागतो, तर आधी तो सेन्सर मुलाच्या हातात द्यावा, आणि मग १००० ओहमचा रोध.